विश्लेषण : कारमध्ये मुलासाठी हार्नेस सीट की बूस्टर? वयाआधी वजनकाटा पाहा

पाचवा वाढदिवस झाला म्हणून मूल बूस्टरवर बसायला तयार झाले, असे होत नाही. १५ ते १८ किलोच्या टप्प्यात निर्णय कसा घ्यायचा, कायदा काय सांगतो आणि गावाकडच्या गाड्यांमध्ये काय शक्य आहे, ते जाणून घेऊ.

पिंपळगाव रेणुकाई (जि. जालना) : भोकरदन तालुक्यातील हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. दवाखाना, लग्नकार्य, देवदर्शन किंवा मोठी खरेदी असली, की इथल्या कुटुंबांना भोकरदन, जालना, बुलढाणा किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. जालन्यातून पुढे समृद्धी महामार्गावर चढले, तर कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. या सगळ्या प्रवासात घरातले सर्वांत लहान माणूस मात्र बहुधा आईच्या मांडीवर, नाहीतर पुढच्या दोन सीटच्या मधल्या जागेत उभे असते.

आता लहान मुलांच्या कार सीट मोबाइलवर मागवता येतात. त्या शोधायला गेले, की पालकांपुढे दोन शब्द येतात : हार्नेस आणि बूस्टर. बूस्टर स्वस्त, हलका आणि सुटसुटीत. हार्नेस सीट महाग आणि जागा अडवणारी. साहजिकच 'मूल मोठे झाले, आता बूस्टर घेऊ' असा विचार होतो. ही घाई किती धोक्याची आहे, हे समजून घ्यायला हवे.

थोडक्यात

- ९ ते १८ किलो वजनासाठी हार्नेस सीट आणि १५ ते ३६ किलोसाठी बूस्टर, अशी ढोबळ विभागणी आहे.
- १५ ते १८ किलोच्या दरम्यान दोन्ही चालतात. या टप्प्यात मूल हार्नेसमध्ये मावत असेल, तर हार्नेसच ठेवावा.
- १५ किलोच्या आत बूस्टर वापरू नये, मुलाचे वय कितीही असो.
- उंची साधारण १४५ सेंटीमीटर होईपर्यंत केवळ मोठ्यांचा सीट बेल्ट पुरेसा नाही.
- मुलाची जागा मागच्या सीटवर.

हार्नेस आणि बूस्टरमध्ये फरक काय?

हार्नेस सीटला स्वतःचे पट्टे असतात. दोन खांद्यांवरून, दोन कमरेच्या बाजूंनी आणि एक पायांच्या मधून, असे पाच पट्टे पोटाखाली एका बकलमध्ये अडकतात. ही सीट गाडीच्या बेल्टने किंवा 'आयसोफिक्स' नावाच्या लोखंडी कड्यांनी गाडीला पक्की बांधली जाते. म्हणजे सीट गाडीला बांधलेली आणि मूल सीटला बांधलेले. धक्का बसला, की त्याचा जोर दोन्ही खांदे, कंबर आणि जांघा यांवर वाटला जातो.

बूस्टरचे काम वेगळे आहे. त्याला मुलाला धरून ठेवणारे पट्टे नसतात. तो मुलाला फक्त उंच करतो, जेणेकरून मोठ्यांसाठी बनवलेला गाडीचा तीन बिंदूंचा बेल्ट मुलाच्या अंगावर योग्य जागी यावा. मुलाला धरून ठेवतो तो गाडीचा बेल्टच. त्यामुळे बूस्टरवरचे मूल सरळ बसले, तरच तो बेल्ट काम करतो. बूस्टरची ही कल्पना स्वीडनमधील व्होल्वो कंपनीने १९७० च्या दशकात पुढे आणली.

मांडीवर घट्ट धरले तर?

साधे गणित करून पाहू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. धडकेत गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १४ किलोच्या मुलाला जागेवर थोपवण्यासाठी सरासरी २०० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. अचानक कोसळलेले दोन क्विंटलचे ओझे हातावर झेलणे कोणत्याही आई-वडिलांना शक्य नाही. याच वेगाने समोरच्या वस्तूवर आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखे आहे. वेग दुप्पट झाला, की धडकेतील ऊर्जा चौपट होते.

आकडेही गंभीर आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार, २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत १८ वर्षांखालील ९,५२८ मुले होती. सीट बेल्ट न लावल्याने दगावलेल्यांची संख्या १६,७१५ होती आणि त्यांतले निम्मे, म्हणजे ८,३३१, चालक नसून प्रवासी होते. मुलांसाठीच्या सुरक्षा सीटमुळे मृत्यूचे प्रमाण किमान ६० टक्क्यांनी कमी होऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मोठ्यांचा बेल्ट मुलाला का चालत नाही?

सीट बेल्टचा खालचा पट्टा कमरेच्या हाडावर टेकावा, अशी त्याची रचना असते. मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडाला पुढच्या बाजूने ठळक कड असते, तिच्यावर पट्टा अडतो. लहान मुलांमध्ये ही कड पुरेशी तयार झालेली नसते. शिवाय मांड्या आखूड असल्याने मूल पाय खाली सोडण्यासाठी पुढे सरकून पोक काढून बसते. अशा वेळी धडक झाली, की मूल पट्ट्याखालून पुढे घसरते आणि पट्टा मऊ पोटात रुततो. आतडी, यकृत, प्लीहा आणि पाठीच्या कण्याला इजा होऊ शकते. बाहेरून पोटावर फक्त एक वळ दिसतो, आत मात्र रक्तस्राव सुरू असतो.

वरचा पट्टा मुलाच्या मानेवर घासतो. मग मूल तो काखेखालून घेते किंवा पाठीमागे टाकते. तसे केल्यावर शरीराचा वरचा भाग मोकळा राहतो आणि डोके पुढच्या सीटवर आदळते. बूस्टर या दोन्ही अडचणी सोडवतो. केवळ सीट बेल्टच्या तुलनेत बूस्टरमुळे ४ ते ८ वर्षांच्या मुलांमध्ये गंभीर दुखापतीचा धोका ४५ टक्क्यांनी घटतो, असे अमेरिकेची आरोग्य यंत्रणा सीडीसी सांगते. म्हणजे बूस्टर चांगलाच आहे, पण त्याची वेळ आल्यावर.

मग वेळ कधी येते?

भारतात मुलांच्या सीटसाठी 'एआयएस-०७२' हे मानक आहे. ते 'आर-४४' या आंतरराष्ट्रीय नियमाच्या धर्तीवर बनले आहे. त्यात मुलांच्या वजनानुसार गट पाडले आहेत :

- १३ किलोपर्यंत : मागे तोंड करून बसवायची सीट
- ९ ते १८ किलो : हार्नेस सीट
- १५ ते २५ किलो : बूस्टर, शक्यतो पाठ असलेला
- २२ ते ३६ किलो : बूस्टर

यातला १५ ते १८ किलोचा पट्टा दोन्हीकडे येतो. पालकांचा खरा गोंधळ इथेच होतो. कंपनी म्हणते बूस्टर चालेल, हार्नेसचीही मुदत संपलेली नाही. मग काय करायचे? अमेरिकेची रस्ते सुरक्षा यंत्रणा आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना यांचा सल्ला एकच आहे : प्रत्येक टप्प्यातल्या सीटमध्ये मूल मावते तोवर त्याला तिथेच ठेवा. पुढच्या टप्प्यात जाणे ही बढती नाही. दर टप्प्यावर संरक्षण थोडे कमीच होत जाते.

पुढीलपैकी एक जरी गोष्ट घडली, तरी हार्नेस लहान झाला असे समजावे :

- मुलाचे वजन सीटवर लिहिलेल्या कमाल मर्यादेपुढे गेले.
- खांदे पट्ट्यांच्या सर्वांत वरच्या खाचेच्या वर गेले.
- कानाचा वरचा भाग सीटच्या पाठीच्या वरच्या कडेपर्यंत पोहोचला.

आणि बूस्टरवर न्यायचे, तर त्यासाठी पुढील तिन्ही गोष्टी हव्यात :

- वजन किमान १५ किलो आणि त्या सीटवर लिहिलेल्या किमान मर्यादेइतके.
- गाडीचा बेल्ट खांद्याच्या मधोमध आणि मांड्यांच्या वरच्या भागावर बसतो.
- मूल संपूर्ण प्रवासात सरळ बसू शकते. पट्टा काढत नाही, खाली वाकत नाही, खिडकीकडे लोळत नाही.

तिसऱ्या अटीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पहाटे निघून माहूर किंवा तुळजापूर गाठायचे असेल, तर मूल वाटेत झोपणारच. झोपलेले मूल बूस्टरवर एका बाजूला कलंडते आणि बेल्ट खांद्यावरून निसटतो. हार्नेसमध्ये झोपलेले मूल जागच्या जागी राहते. एखादे मूल १६ किलोचे असूनही चुळबुळे असेल किंवा लांबच्या प्रवासात झोपत असेल, तर त्याच्यासाठी उत्तर हार्नेस हेच आहे.

वयावर का विसंबू नये?

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या मानकांनुसार ५ वर्षांच्या मुलाचे मध्यम वजन १८.३ किलो आणि उंची ११० सेंटीमीटर असते. म्हणजे या मुलाचा हार्नेस नुकताच संपत आलेला असतो. पण याच मानकांत १४.१ किलोच्या खालचे पाच वर्षांचे मूल 'कमी वजनाचे' गणले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३६.१ टक्के मुले कमी वजनाची आहेत.

कार असलेल्या घरांत हे प्रमाण कमी असू शकते. तरीही अर्थ स्पष्ट आहे. खोक्यावर '४ वर्षांपासून पुढे' असे छापलेला बूस्टर राज्यातल्या अनेक मुलांसाठी पाचव्या वर्षीही वेळेआधीचाच ठरतो. यावर उपाय सोपा आणि फुकट आहे. अंगणवाडीत मुलांचे वजन आणि उंची नियमित मोजली जाते. सीट मागवण्याआधी अंगणवाडी सेविकेकडून किंवा दवाखान्यातून ताजा आकडा घ्यावा आणि तो सीटवरच्या मर्यादेशी ताडून पाहावा. दर तीन-चार महिन्यांनी हा आकडा पुन्हा तपासावा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ मधील कलम १९४-ब नुसार, १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा मुलांची सुरक्षा सीट न लावता गाडी चालवल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ही तरतूद १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली.

यातला 'किंवा' हा शब्द महत्त्वाचा आहे. चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा बेल्ट लावला, तर दंड होणार नाही. पण पोटावर चढलेला पट्टा त्याला इजा करू शकतो, हे कायद्याच्या भाषेत दिसत नाही. दंड टळणे आणि मूल सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाच स्टारची गाडी असली तरी?

'भारत एनकॅप' ही गाड्यांच्या सुरक्षा चाचणीची योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्यात मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ पैकी स्वतंत्र गुण दिले जातात. पहिल्या निकालात टाटा हॅरियर आणि सफारी या गाड्यांना ४९ पैकी ४४.५४ गुण मिळाले. मात्र ही चाचणी १८ महिने आणि ३ वर्षांच्या मुलांएवढे पुतळे योग्य सीटमध्ये बांधून घेतली जाते. मांडीवरच्या मुलासाठी हे स्टार लागूच होत नाहीत.

पुढची सीट का नको?

डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईतील वाशी येथे कारच्या पुढच्या सीटवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा अपघातात एअरबॅग उघडल्यानंतर मृत्यू झाला. एअरबॅगच्या जबर धक्क्याने त्याला अंतर्गत दुखापत झाल्याचे समोर आले. एअरबॅग मोठ्यांची उंची आणि वजन धरून बनवलेली असते. ती डोळ्याचे पाते लवायच्या आत उघडते. बुटक्या मुलाचा चेहरा, मान आणि छाती नेमकी तिच्या वाटेत येते.

म्हणून हार्नेस असो वा बूस्टर, जागा मागचीच. मागे तोंड असलेली तान्ह्या बाळाची सीट तर एअरबॅग सुरू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही लावू नये. मागच्या सीटवर बसणाऱ्या मोठ्यांनीही बेल्ट लावायला हवा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. बेल्ट न लावलेला मोठा माणूस धडकेत शेजारच्या मुलावरही आदळू शकतो.

भाड्याची गाडी, जीप, क्रूझर असेल तर?

गावाकडचा खरा प्रश्न हा आहे. अनेक कुटुंबांकडे स्वतःची कार नसते. प्रवास भाड्याच्या गाडीने किंवा शेअर जीपने होतो. इथे निवड करताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

- बूस्टरला तीन बिंदूंचा बेल्ट लागतोच. केवळ कमरेवरचा पट्टा असलेल्या जागेवर बूस्टर वापरू नये. जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागेवर असाच पट्टा असतो.
- हार्नेस सीट कमरेच्या पट्ट्यानेही बांधता येते का, हे त्या सीटच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. काही सीटना तशी परवानगी असते.
- डिकीतल्या समोरासमोरच्या बाकड्यांवर कोणतीही सीट लावता येत नाही. मुलाला तिथे बसवू नये.
- एका बेल्टमध्ये आई आणि मूल असे दोघांना अडकवू नये. धडकेत आईच्याच वजनाखाली मूल चिरडले जाते.
- उशी, गोधडी किंवा घडी घातलेली सतरंजी हा बूस्टर नाही. ती दबते, घसरते आणि पट्टा पुन्हा पोटावर येतो.
- मूल १५ किलोच्या पुढे आणि नीट बसणारे असेल, तर स्वतःचा बूस्टर सोबत नेता येतो. तो हलका असल्याने एका गाडीतून दुसऱ्या गाडीत सहज जातो. बूस्टरचा हा खरा फायदा आहे.

भाड्याची गाडी ठरवतानाच 'मागे खांद्यावरून येणारे बेल्ट आहेत का, ते कव्हरखाली दाबले गेले नाहीत ना' हे विचारून घ्यावे. अनेक गाड्यांत बेल्ट असतात, पण बकल सीट कव्हरखाली गेलेले असते.

दुचाकीचा हार्नेस वेगळा

दुचाकीवरून नेण्यात येणाऱ्या ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांसाठीही हार्नेसचा नियम आहे. केंद्राने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी अधिसूचना काढली आणि वर्षभरानंतर नियम लागू झाला. मुलाला हार्नेस, डोक्यात त्याच्या मापाचे हेल्मेट आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, अशा त्या अटी आहेत. हा हार्नेस जाकिटासारखा असतो आणि तो मुलाला चालकाशी जोडतो. तो कारमध्ये वापरायचा नाही. नाव एकच असल्याने ऑनलाइन खरेदीत गल्लत होऊ शकते.

खरेदी करताना काय पाहावे?

- सीटवर एआयएस-०७२, आर-४४/०४ किंवा आर-१२९ यांपैकी एका मानकाचे लेबल हवे. आयात सीटवर वर्तुळात इंग्रजी 'ई' अक्षर असलेले केशरी लेबल असते. लेबल नसलेली, नुसत्या कापडाची 'पोर्टेबल सीट' स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.
- आर-१२९ हा नवा नियम मुलाच्या उंचीवर चालतो. त्यात किमान १५ महिन्यांपर्यंत बाळाचे तोंड मागच्या दिशेला ठेवणे बंधनकारक आहे.
- पाठ नसलेला बूस्टर लहान मुलांसाठी नाही. युरोपात अशा नव्या मॉडेलना २२ किलो आणि १२५ सेंटीमीटरच्या पुढच्या मुलांसाठीच मान्यता मिळते. पाठ असलेल्या बूस्टरमुळे डोक्याला बाजूने आधार मिळतो आणि बेल्ट योग्य जागी राहतो.
- एकच सीट घ्यायची असेल, तर ९ ते ३६ किलो गटातली पाहावी. तिचा हार्नेस १८ किलोनंतर काढून तीच सीट बूस्टर म्हणून वापरता येते.
- अपघात झालेली किंवा पूर्वेतिहास माहीत नसलेली जुनी सीट घेऊ नये. प्लास्टिकवर कोरलेली निर्मितीची तारीख आणि मुदत पाहावी.

बसवल्यावर एक मिनिटाची तपासणी

हार्नेस सीट बसवल्यावर ती बेल्ट जातो त्या जागी धरून हलवावी. इंचभरापेक्षा जास्त हलली, तर ती सैल आहे. मुलाला बसवल्यावर खांद्यावरच्या पट्ट्याची चिमटीत घडी पकडून पाहावी. घडी पकडता आली, तर पट्टा आणखी ओढावा. पुढे तोंड असलेल्या सीटमध्ये पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून यावेत. थंडीत जाड स्वेटर किंवा जर्किन काढून पट्टे लावावेत आणि वरून पांघरूण द्यावे. उन्हाळ्यात बकलचा धातू चटका बसण्याइतका तापतो, म्हणून आधी हात लावून पाहावा.

बूस्टरवर बसवताना खालचा पट्टा मांड्यांवर, वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध आणि पाठ पूर्ण टेकलेली, या तीन गोष्टी पाहाव्यात. बूस्टरशिवाय बसल्यावरही पाठ टेकून गुडघे सीटच्या कडेवर वाकत असतील आणि पट्टा योग्य जागी राहत असेल, तेव्हाच बूस्टर काढावा. बहुतेक मुलांबाबत ही वेळ १० ते १२ वर्षांच्या दरम्यान येते.

सीट कुठलीही घेतली, तरी ती दर फेरीला वापरली गेली पाहिजे. बाजारापर्यंतच्या दोन किलोमीटरसाठीही मुलाला सीटमध्ये बसवण्याची सवय लावली, तर महामार्गावर त्यासाठी रडारड होत नाही. मूल रडते म्हणून एकदा पट्टा सोडला, की पुढच्या वेळी ते आणखी जोरात रडते. गाडी थांबवून समजूत काढावी, पट्टा लावावा आणि मगच गाडी पुढे काढावी.